वडूजमार्गे समुद्राकडे

साताऱ्याहून समुद्र पश्चिमेला आहे, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. तरीही गेल्या डिसेंबरात आम्ही सहकुटुंब समुद्राला निघालो आणि पहिल्याच दिवशी दुपारी बाराला वडूजला, म्हणजे बरोबर उलट दिशेला, एका अनोळखी मुलीच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो. हे कसं झालं, असं मला बरेच जण विचारतात. विचारताना त्यांच्या तोंडावर जो भाव असतो तो मला मुळीच आवडत नाही, म्हणून एकदाच काय ते सविस्तर सांगून टाकतो.

सुरुवात आईनं केली. माझी आई लीलाबाई, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम कुंडल. तिनं आजवर आमच्याकडं काही मागितल्याचं मला आठवत नाही. दिवाळीला साडी घेतली तर 'कशाला रं', डोळे तपासायला नेलं तर 'कशाला रं'. त्यामुळे एका रविवारी मी गावी जेवायला बसलो असताना ती काहीतरी मागते आहे, हे कळायलाच मला अर्धी भाकरी लागली.

"जयराज, मला एकदा समिंदर बघायचाय."

याच्या मागं रंगुबाई होती. रंगुबाई आमच्या गल्लीतली. ती बचत गटाच्या बायकांबरोबर कोकणात जाऊन आली आणि त्या दिवसापासून गल्लीत समुद्राचा रतीब सुरू झाला. रोज संध्याकाळी बायका शेंगा फोडायला बसल्या की रंगुबाई लाट कशी येते ते सूप हलवून दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "पर लीलाबाईला काय सांगून उपेग? तिनं कुठं बघितलाय!" आई मान खाली घालून शेंगा फोडत राहायची. असं सात महिने चाललं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझे वडील, म्हणजे दादा, निवृत्त सुभेदार मानसिंग. अठ्ठावीस वर्षं फौजेत होते. फौजेनं त्यांना बर्फ दाखवला, वाळवंट दाखवलं, समुद्र तेवढा नौदलासाठी राखून ठेवला. ताटावरची नजर न काढता ते म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ 'नाही' असा होतो. हा अर्थ गेली एकोणपन्नास वर्षं आईला मान्य होता. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "बघू न्हाई. जायाचं."

दादांचा घास हातातच राहिला. मी पटकन म्हणालो, "आई, सगळं माझ्याकडं लागलं. तू फक्त गाडीत बसायचं." हे वाक्य मी का बोललो, असा प्रश्न माझ्या बायकोनं, क्रांतीनं, नंतर निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळ्या आवाजांत विचारला आहे.

माझी योजना अशी होती. मुलगी अंकिता हिनं मोबाइलवर गुहागरच्या पुढं अगदी वाळूला लागून असलेला एक बंगला शोधून काढला. शुक्रवारी दुपारपासून रविवारी सकाळी दहापर्यंत दोन रात्रींसाठी तो आमचा. येताना प्रत्येकाचं मूळ आधारकार्ड हवं, आणि रविवारी दहा म्हणजे दहा, कारण अकराला दुसरी मंडळी येणार, असं राखणदारानं फोनवर तीनदा बजावलं. मी सगळी कार्डं आणि बुकिंगचं पत्र एका निळ्या फोल्डरमध्ये घातलं, वर चिठ्ठी चिकटवली आणि खाली अनुक्रमणिका लावली. मी एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक आहे. खातं पाण्याशी संबंधित आहे एवढंच सांगतो, कारण रजेचा प्रश्न अजून पूर्ण मिटलेला नाही.

रजेचं असं झालं की अर्जात कारणाच्या रकान्यात मी खरं कारण लिहिलं: 'आईस समुद्र दाखविणे'. वीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जांवर त्रुटी काढणाऱ्या माणसानं असं करायला नको होतं. अर्ज आमच्याच टेबलावरच्या पुष्करकडं गेला. पुष्कर एकोणतीस वर्षांचा, नोकरीला लागून तीन वर्षं झालेला, आणि त्याला कामाला लावलंय मी. त्यानं तो तांबड्या शाईत परत पाठवला. 'कारण तातडीचे वाटत नाही. समुद्र अन्यत्र जाण्याची शक्यता नसल्याने पुढील तारखेस दाखविता येईल किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. मुख्यालय सोडण्याची परवानगी जोडलेली नाही.'

"पुष्कर, अरे मी आहे," मी म्हणालो.

"साहेब, तुम्हीच शिकवलंय ना, अर्जावरचं नाव वाचायचं नाही म्हणून," तो अदबीनं म्हणाला.

शेवटी 'कौटुंबिक अपरिहार्य कारण' असं लिहून दिलं तेव्हा सुटका झाली. कचेरीभर चार दिवस मला 'काय साहेब, समुद्र अजून आहे ना?' असं विचारत होते. मी हसत होतो, पण मनात त्या प्रत्येकाची नोंद करून ठेवत होतो.

इकडं सोसायटीत सल्ल्यांचा पूर आला. एकानं सांगितलं, कुंभार्लीनंच जा, दुसरा घाट करू नका. दुसऱ्यानं सांगितलं, काहीही करा पण कुंभार्लीनं जाऊ नका. समोरच्या फ्लॅटमधल्या हरीकाकांनी कोकणातलं पाणी साताऱ्याच्या माणसाला बाधतं असं ठामपणे सांगितल्यामुळे क्रांतीनं पाण्याचे चार कॅन भरून घेतले. दादांनी सहा वेळच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि शेगडी असं रेशन मंजूर केलं. त्यात सांगलीहून माझा चुलतभाऊ वीरधवल येऊन दाखल झाला. वीरधवल कोकणात अकरा वेळा जाऊन आलेला, त्यामुळे त्याच्याशिवाय आम्ही तिकडं जाऊच शकत नाही असं त्यानंच ठरवलं होतं. गाडी भाड्याची जीप, आणि तिचा ड्रायव्हर जतकडचा बिराप्पा. कोणीही कोणताही रस्ता सांगितला तरी बिराप्पा म्हणायचा, "होय री." त्याच्या त्या गुणामुळे तो सगळ्यांना आवडला.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. मंगळवारी आई-दादा साताऱ्याला आले तेच बातमी घेऊन. गावच्या भटजीकाकांनी पंचांग बघितलं होतं. शुक्रवार निघायला बरा नाही, बुधवार उत्तम.

"आई, बुकिंग शुक्रवारचं आहे," मी म्हणालो.

"असू दे की. बुधवारी पस्थान ठिवू," आई म्हणाली.

ज्यांना प्रस्थान माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुहूर्ताच्या दिवशी माणसाला निघता येत नसेल तर त्याच्याऐवजी त्याचं सामान निघतं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि प्रवाशाची एखादी वापरातली वस्तू फडक्यात बांधायची आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या परक्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे आपण निघालो अशी वरच्या दफ्तरी नोंद होते. मग प्रत्यक्ष निघताना ते गाठोडं उचलायचं आणि मागं वळून घरात शिरायचं नाही. मला ही पद्धत मनापासून आवडली. कागदोपत्री निघायचं आणि प्रत्यक्षात घरी चहा पीत बसायचं, ही युक्ती आमच्या खात्यानंच काढलेली असणार असं मला वाटलं.

परकं घर म्हणून हरीकाकांचं ठरलं. ते आमच्या दारासमोर, आणि मोबाइलवरच्या होकायंत्रात बघितलं तर बरोब्बर पश्चिमेला, पंधरा फुटांवर. आईनं प्रत्येकाकडून एकेक वस्तू मागितली. क्रांतीनं रुमाल दिला, अंकितानं जुना चार्जर दिला, दादांनी फौजेतला पट्टा दिला, वीरधवलनं गॉगल दिला. मी निळं फोल्डर दिलं. आता त्याबद्दल मला बोलतात. पण माझा विचार साधा होता. आमच्या घरात ठेवलेली वस्तू वेळेला सापडत नाही. हरीकाकांच्या घरात ठेवलेली वस्तू त्यांच्या बायकोच्या, शकुंतलाकाकूंच्या, देखरेखीखाली राहते. अख्ख्या इमारतीत फोल्डर ठेवायला त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

शुक्रवारी सकाळी सहाला दादांनी शिट्टी मारली. आम्ही खाली उतरलो, बिराप्पानं नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली. वीरधवल पोहायची चड्डी आतून घालूनच आला होता. आई इरकल नेसून पुढच्या सीटवर पाय जुळवून बसली होती, आणि तिच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम नीट केलं. मग मी गाठोडं आणायला वर गेलो.

हरीकाकांच्या दाराला कुलूप होतं. कडीत दूधवाल्यासाठी चिठ्ठी अडकवलेली. 'दोन दिवस दूध नको. वडूजला भाचीचा साखरपुडा.'

मी काकांना फोन लावला. तो दाराच्या आत वाजला. शकुंतलाकाकू मोबाइल वापरत नाहीत, कारण त्यांचा आवाज तसाही पोचतो. खाली येऊन मी हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा सगळे फोल्डरबद्दल बोलले, आणि ते फार वेळ बोलले. आई म्हणाली, "कागदाचं न्हाऊ द्या. पस्थान उचलल्याबिगर जाता येत न्हाई."

"मग घरात जाऊन जरा विचार करू," मी म्हणालो.

"घरातबी जाता येत न्हाई."

अशा रीतीनं आम्हाला पुढंही जाता येईना आणि मागंही. स्वतःच्या इमारतीखाली जीपमध्ये बसून, जॉगिंगवरून परतणाऱ्या शेजाऱ्यांच्या 'अरे, अजून इथंच?' ला उत्तरं देत आम्ही पाऊण तास काढला. शेवटी दादांनी हुकूम दिला, "बिराप्पा, वडूज."

"होय री," बिराप्पा म्हणाला आणि समुद्राकडं पाठ करून गाडी कोरेगाव रस्त्याला लागली.

वडूजला त्या दिवशी तीन साखरपुडे होते. पहिल्या दोन ठिकाणी आम्हाला नवऱ्याकडची माणसं समजून गुलाबपाणी शिंपडलं. तिसऱ्या मांडवात हरीकाका सापडले. मी धापा टाकत म्हणालो, "काकू, फ्लॅटची किल्ली द्या. आमचं प्रस्थान तुमच्या घरात अडकलंय."

"अडकेल कसं?" शकुंतलाकाकू अभिमानानं म्हणाल्या. "बंद घरात का कुणी प्रस्थान ठेवतं? मी बरोबर आणलंय ते." आणि त्यांनी आतल्या खोलीतून आमचं गाठोडं आणून माझ्या हातात ठेवलं.

मी इतका खूश झालो की काकूंच्या पाया पडलो. फोल्डर जागच्या जागी होतं. पण आईचं तोंड उतरलं होतं.

"शकुंतलाताई, मावळतीचं पस्थान उगवतीला आणलं व्हय तुमी?"

काकूंनी तोंडावर हात ठेवला. नवऱ्यामुलाच्या हातातली अंगठी तशीच राहिली. खरं तर वडूजमधल्या त्या साठसत्तर माणसांपैकी एकालाही आमच्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण प्रस्थान उलट्या दिशेला गेलं हे ऐकल्यावर प्रत्येकाला वाटलं की यावर आपण बोललं पाहिजे. शेवटी मुलीच्या आजोबांनी निकाल दिला. नोंद पूर्वेची झाली आहे. गाठोडं आता पश्चिमेला एखाद्या परक्या घरी नेऊन एक रात्र ठेवायचं, मग उचलून पुढं जायचं. तुमचं स्वतःचं घर चालणार नाही.

"आई," मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "तुलाच समुद्र बघायचाय ना? मग तूच का अडवतीस?"

"मलाच बघायचाय," ती म्हणाली. "म्हणून तर नीट जायाचं."

काकूंनी अपराधीपणानं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी जिलेबीचा दुसरा तुकडा मोडत होतो, एवढ्यात दादांचा फोन वाजला. कुंडलहून. कारखान्याची तोड आली होती.

उसाची तोड आली म्हणजे काय, हे ज्याच्या रानात ऊस आहे त्यालाच कळतं. टोळी येणार येणार म्हणून दीड महिना वाट बघायची, आणि ती येते नेमकी आपण नसताना. घरचं माणूस बांधावर नसेल तर टोळी पुढच्या रानात जाते आणि आपला नंबर थेट महिनाभर मागं. दादा फौजेतून परत आल्यापासून एकदाही तोडीला बांधावर नाहीत असं झालेलं नव्हतं. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "गाडी फिरवा. समिंदर काय पळत न्हाई."

हे वाक्य पुष्करनं लिहिलं होतं तेव्हा मला राग आला होता. आता आला नाही, कारण मी आईकडं बघत होतो. ती नुसती 'व्हय' म्हणाली आणि पानातली उरलेली जिलेबी तशीच हातात धरून उठली. तिला सवय होती.

दादांनीही तिच्याकडं बघितलं. जरा वेळ मिशीवरून हात फिरवला. मग मांडवाच्या दाराशी कुणाला तरी घाटातला रस्ता समजावत उभ्या असलेल्या वीरधवलकडं वळले.

"वीरधवल, फॉलिन! रानात तुझाबी वाटा हाय. यष्टीनं जा कुंडलला. मी जातोय हिच्यासंगं."

"आवं पर काका, मी गेलो तर तुमाला कोकणात रस्ता कोण दावणार?"

"होय री," बिराप्पा एकदम म्हणाला. हा शब्द त्यानं कुणाच्या बाजूनं वापरला ते कळलं नाही, पण वीरधवल गेला. पोहायची चड्डी घालून तो दोन दिवस बांधावर उभा राहिला, हे आम्हाला नंतर कळलं.

राहिला प्रश्न पश्चिमेच्या परक्या घराचा. ओळखीचं, वाटेवरचं, एका फोनवर सहा माणसांना रात्री ठेवून घेईल असं घर. मी बराच वेळ दुसरं कुठलं तरी नाव आठवायचा प्रयत्न केला. नाव एकच होतं. पुष्कर रोज पाटणहून ये-जा करायचा, आणि पाटण म्हणजे कोकणाचं दार.

"पुष्कर, मी बोलतोय. जरा खाजगी काम होतं."

"बोला ना साहेब. रजा वाढवून हवी का?"

मी सगळं सांगितलं. पलीकडं तो हसत असणार. मी असतो तर हसलो असतो. पण संध्याकाळी आम्ही पाटणला पोचलो तेव्हा पुष्कर आणि त्याची बायको अपूर्वा रस्त्यापर्यंत घ्यायला आली होती. अपूर्वानं गाठोडं ओवाळून देवाजवळ ठेवलं, आईच्या पायावर गरम पाणी घातलं आणि थालीपिठं केली. मी ज्या माणसाच्या गोपनीय अहवालात 'सूक्ष्म निरीक्षणाचा अतिरेक' असं लिहायचं ठरवलं होतं, त्याच्या घरी त्याची लुंगी नेसून झोपलो.

शनिवारी सकाळी सातला आम्ही निघालो. म्हणजे निघत होतो. पुष्करनं निरोप द्यायच्या ऐवजी मोबाइलवरचं पंचांग उघडलं आणि त्याच्या तोंडावर तो भाव आला, जो मला कचेरीत चांगला ठाऊक होता.

"साहेब, एक त्रुटी आहे."

अमावस्या. पहाटे चार चाळीसला लागलेली, रविवारी पहाटे पाच वीसपर्यंत.

मी पुष्करला डोळ्यांनी गप्प बसायला सांगितलं, पण आईनं ऐकलं होतं. ती जीपमधून उतरली आणि शांतपणे ओट्यावर जाऊन बसली. शुक्रवारी निघून ठरल्याप्रमाणे पोचलो असतो तर अमावस्या आमची आम्हाला किनाऱ्यावरच भेटली असती आणि तिची बाधा नव्हती. पण आता प्रस्थान नव्यानं ठेवलं होतं, आणि अमावस्येला ते उचलायचं नाही. क्रांतीनं माझ्याकडं बघितलं आणि काही बोलली नाही. ती बोलते तेव्हा मला बरं वाटतं.

हिशेब सरळ होता. रविवारी पाच वीसला निघालो तर नऊला पोचणार, दहाला बंगला सोडायचा. दोन दिवसांच्या समुद्रातला एक तास उरला होता, तोही घाटात काही झालं नाही तर. आणि तोडीत कधी ट्रॅक्टर रुतला, कधी टोळी अडून बसली असं सांगणारे फोन कुंडलहून सुरूच होते. मला वाटलं, हे काही आता जमत नाही. आणि मग मला ती कल्पना सुचली.

आता जे सांगणार आहे ते मी क्रांतीलाही त्या वेळी सांगितलं नव्हतं. पाटणपासून पुढं थोड्या अंतरावर कोयनेचा जलाशय आहे. प्रचंड पाणी. निळंशार. वारा असला की लाटाही येतात. आईनं समुद्र कधी बघितलेला नाही. रंगुबाईला सांगण्यापुरता समुद्र, तो काय गोड आणि काय खारा? मी अख्खी नोकरी पाण्याच्या कागदांवर काढली. तेवढा एक गैरव्यवहार मला माफ व्हायला हरकत नव्हती.

"आई, गाठोडं राहू दे इथंच. नुसते पाय मोकळे करून येऊ," मी म्हणालो. नुसत्या फेरफटक्याला अमावस्येची हरकत नव्हती. दादाही आले.

उंचावरून पाणी दिसलं. ऊन पडलं होतं, आणि खरंच, मी स्वतः फसलो असतो. मी हात पसरून जरा मोठ्यानं म्हणालो, "आई, हा बघ समुद्र!"

दादांनी माझ्याकडं बघितलं आणि लगेच बुटांकडं बघायला लागले. आईनं कपाळावर हात धरून पाणी न्याहाळलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, घाई न करता, रान बघावं तसं.

"जयराज, पल्याड डोंगर हाय की रं."

"समुद्राला असतात तसे काही ठिकाणी."

"ह्ये धरन हाय," ती म्हणाली. "मी अडानी हाय. आंधळी न्हाई."

एवढं बोलून ती गाडीकडं चालायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की परतीच्या वाटेवर मी मागच्या सीटवर पाण्याच्या कॅनमागं बसलो. चौऱ्याहत्तर वर्षांत तिनं एक गोष्ट मागितली, आणि मी तिला बदली माल दाखवत होतो. त्या संध्याकाळी मी पुष्करच्या ओट्यावर बसून ठरवलं की सकाळी घाट कोसळला तरी हिला समुद्रावर न्यायचंच, खांद्यावरून न्यावं लागलं तरी.

खांद्याची वेळ आली नाही. पाच वीस झाले आणि दादांची शिट्टी वाजली. पुष्करनं गाठोडं आईच्या हातात देताना वेळ मोबाइलवर तपासून घेतली. कुंभार्लीत धुकं इतकं होतं की बिराप्पा खिडकीतून डोकं काढून पांढरी पट्टी बघत गाडी हाकत होता. चिपळूण गेलं, गुहागर गेलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी आम्ही बंगल्याच्या फाटकाशी उभे होतो.

राखणदार झाडू घेऊन अंगण झाडत होता. "शुक्रवारचे तुम्हीच काय?" त्यानं विचारलं.

"हो. थोडा उशीर झाला."

"बरं. दहाला सोडायचं आहे." त्यानं फोल्डर उघडून प्रत्येक कार्डावरचा फोटो प्रत्येकाच्या तोंडाशी ताडून बघितला. मी घाटात आईसाठी एक भाषण तयार केलं होतं. आई, माफ कर, तासभरच आहे, पुढच्या वर्षी नक्की, वगैरे. ते म्हणायला मी मागं वळलो तर आई नव्हती. ती बंगल्याकडं न बघता, त्याच्या बाजूच्या वाटेनं, सरळ चालत गेली होती.

आम्ही पळत वाळूवर पोचलो तेव्हा ती उभी होती. पल्याड बघत होती. पल्याड काही नव्हतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली आणि तिचे ओठ नुसते हलले. माझं भाषण मला एकदम फार लांबलचक वाटलं.

मग तिनं चपला काढल्या आणि माझ्याकडं न बघताच माझ्या हातात दिल्या. दादांनी पॉलिश केलेले बूट काढले, मोजे घडी करून आत ठेवले आणि तेही मला दिले. मागोमाग क्रांतीनं दिल्या, अंकितानं दिल्या, बिराप्पानंही "होय री" म्हणून दिल्या. या सहलीचा मी प्रमुख होतो.

आई घोट्यापर्यंत पाण्यात गेली, दादा तिच्या मागं चार पावलांवर. आमच्या घरात एरवी दादा पुढं आणि आई मागं चालते. पेन्शनच्या कागदासाठी काढलेला जोडफोटो सोडला तर ते दोघं शेजारी उभे राहिलेले मी बघितलेले नाहीत. एक मोठी लाट आली, आईच्या पायाखालची वाळू सरकली, आणि तिनं मागं हात टाकून दादांचा हात धरला.

लाट गेली. हात तसाच राहिला.

क्रांती वाकून शिंपले निवडायला लागली. अंकितानं व्हिडिओसाठी वर केलेला मोबाइल हळूच खाली घेतला आणि खिशात घातला. बिराप्पा माडाच्या झावळ्या मोजत होता. मी चपला नीट जोडीनं लावल्या, मग पुन्हा उचलल्या. दादांच्या खिशातला फोन वाजत होता, कुंडलचाच असणार. त्यांनी तो काढला नाही.

दहा वाजता राखणदार किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. माझ्या शेजारी उभा राहून त्यानं तोंड उघडलं, पाण्याकडं बघितलं आणि मिटलं. मग माझ्या बाजूला वाळूत बसला.

"अकराची मंडळी?" मी हळूच विचारलं.

"येतील. वाट बघतील," तो म्हणाला.

साडेदहाच्या सुमाराला ती दोघं बाहेर यायला लागली. आईचं इरकल गुडघ्यापर्यंत ओलं, दादांची विजार मांडीपर्यंत. कोरडी वाळू येईपर्यंत तिनं हात सोडला नाही. मग समोर आम्ही सगळे, कुणी आकाशाकडं, कुणी झाडाकडं बघत उभे आहोत हे तिच्या ध्यानात आलं. तिनं हात सोडला, पदर ओढून घेतला आणि माझ्यावर खेकसली,

"बगत काय हुबा ऱ्हायलास? चपला दे."